घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि लग्नाच्या भर सीझनला मधोमध भोक पडलं. १७ मे ते १५ जून, सबंध महिना धोंड्याचा. जावयांची चंगळ, अनारशांच्या पिठाला भाव आणि लॉनच्या फाटकांना कुलपं. एरवी मे महिन्यात आमच्या अमळनेरच्या आसपास फोटोग्राफरला श्वास घ्यायला फुरसत नसते. पारोळ्याची हळद उरकायची, रात्रीतूनच मेमरी कार्डं रिकामी करायची आणि सकाळी चोपड्याचं लग्न गाठायचं. ऊन असं की काळ्या कॅमेऱ्याला हात लावला तर चटका बसतो. तरी कोणी कुरकुरत नाही, कारण तिथ्या दाट असतात आणि वर्षाची निम्मी कमाई याच दिवसांत व्हायची असते. यंदा मेचा पहिला पंधरवडा सरला आणि ऑर्डरच्या वहीत एकदम कोरी पानं लागली.

अशा वेळी फोन वाजला की हात जरा जास्तच लवकर जातो.

गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन आम्हा फोटोग्राफरांना लुटणारे भामटे काही पंचांग बघून मेसेज करत नसावेत. त्यांचे मेसेज बाराही महिने येतात. दाट तिथीत ते वाचायलाच कोणाला वेळ असतो? रात्री दीडला घरी आलेला माणूस अनोळखी नंबरचं ‘हॅलो सर’ उघडून बघत नाही. धोंड्याच्या महिन्यात मात्र तोच मेसेज आपण दोनदा वाचतो, प्रोफाइलचा फोटो मोठा करून बघतो आणि लेन्सचा हप्ता मनातल्या मनात त्या ऑर्डरीत बसवूनही टाकतो. फसवणाऱ्याचं अर्धं काम त्या कोऱ्या पानांनी आधीच करून ठेवलेलं असतं.

मेसेजची भाषा एव्हाना पाठ झाली आहे. ‘नमस्कार सर, आम्हाला इव्हेंटसाठी फोटोग्राफर पाहिजे. तीन दिवसांचा कार्यक्रम आहे. लोकेशन तुमच्या शहरातच आहे. आपले चार्जेस कळवा.’ सगळं नीटनेटकं, शुद्धलेखनासकट. पण यातली एकही गोष्ट कुठल्याच गावची नाही. अमळनेरचा माणूस मला ‘तुमच्या शहरात’ कशाला म्हणेल? तो म्हणतो, ‘बोरीच्या पलीकडं आपल्या आप्पांचं शेत नाही का, त्याच्या पुढचा लॉन.’ कुठले आप्पा, हे मला माहीत असणारच असं तो धरून चालतो. आणि बहुतेक वेळा मला माहीत असतंही.

खरं गिऱ्हाईक कोणाच्या तरी ओळखीनं येतं. फोनवरचं पहिलं वाक्य पैशांचं नसतंच. ‘मागच्या साली धरणगावच्या लग्नात खुर्चीवर चढून फोटो काढत होते, ते तुम्हीच ना?’ मी हो म्हणतो. मग ती खुर्ची कोणाची होती, तिचा पाय कसा मोडला, नवरीकडच्यांनी त्यावरून काय ऐकवलं, हे सगळं होतं आणि त्यानंतर तारखेचा विषय निघतो. ‘नंबर कोणी दिला?’ विचारलं की बँडवाला, आचारी, मंडपवाला, पार्लरवाल्या ताई, कोणाचं तरी नाव निघतं. मी त्या माणसाला फोन करून खातरजमा करतो असंही नाही. नाव किती चटकन आलं एवढं ऐकतो.

भामटा म्हणतो, ‘गुगलवरून मिळाला.’ यात वावगं काही नाही. गुगलवरून, इन्स्टाग्रामवरून खरी माणसंही येतात, विशेषतः पुण्याला नोकरी करणारी पोरं, ज्यांना प्री-वेडिंगला पाटणादेवीचं जंगल हवं असतं. पण त्यांनी माझं काम बघितलेलं असतं. ‘तुमच्या त्या रीलमध्ये आजी नवरीची वेणी घालतेय, तसंच पाहिजे’, असं काहीतरी ती सांगतात. म्हणून मी सगळ्यांना एक प्रश्न विचारतो: माझा कुठला फोटो आवडला? साधा प्रश्न आहे. ज्याला फोटो काढून घ्यायचे आहेत, त्यानं एक तरी फोटो बघितलेला असतो. ज्याला नाहीत, तो ‘ऑल गुड सर’ म्हणून अॅडव्हान्सवर येतो.

आणि घासाघीस. ती नसली की आमच्याकडं व्यवहार झाल्यासारखा वाटतच नाही. रेट सांगितला की ‘अहो, एवढ्यात तर आमच्या थोरल्याचं सगळं लग्न उरकलं होतं’ इथून सुरुवात. रावेर-यावलकडचा केळीचा बागायतदार, ज्याच्या मालाचे ट्रक थेट उत्तर भारतात जातात, तोही अल्बमच्या चार शीटवरून अर्धा तास बोलतो. त्याला ते पैसे जड नसतात. फुकट काही पदरात पडलं नाही तर घरी जाऊन सांगायचं काय, हा प्रश्न असतो. ड्रोन फुकट, कॅलेंडर फुकट, हॉलमध्ये लावायला एक मोठी फ्रेम फुकट. शेवटी ‘आणि जेवण तर आमच्याकडंच आहे’ हेही सवलत दिल्याच्या सुरात सांगतात. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी असली तर मीही ती सवलतच समजतो.

भामटा घासाघीस करत नाही. संशय आला की मी मुद्दाम दीडपट रेट सांगतो. तिकडून लगेच ‘ओके सर, नो प्रॉब्लेम.’ त्यानं का म्हणून भांडावं? त्याच्या खिशातून काही जायचंच नाहीये. खानदेशात पहिल्या रेटला हो म्हणणारा माणूस भेटला की मला आनंद होण्याऐवजी पोटात गोळा येतो, अशी या धंद्यानं सवय लावली आहे.

खऱ्या माणसाजवळ आणखी एक गोष्ट असते, जी बनावट आणता येत नाही. मागच्या लग्नाची तक्रार. ‘आमच्या आत्याबाईंचा एकही सिंगल फोटो आला नव्हता, दोन वर्षं बोलत नव्हत्या.’ ‘तो फोटोग्राफर सारखा स्टेजवरच, पंगतीचे फोटोच नाहीत.’ ‘मामाला मान असतो हो, मामाचा फोटो पहिला घ्या, काका मग.’ सुरुवातीला मला या तक्रारी कटकटीच्या वाटायच्या. आता कोणी आत्याबाईंचं गाऱ्हाणं सुरू केलं की मी निवांत बसतो. घर खरं आहे, भांडण खरं आहे, म्हणजे लग्नही खरंच असणार. भामट्याच्या कार्यक्रमात नातेवाईकच नसतात. ‘दोनशे गेस्ट’ असतात.

संस्थांच्या कामांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शाळा, बँक, कारखाना कोणाचंही काम असो, आधी कोटेशन, मग पत्र, मग पॅन नंबर, मग टीडीएस कापून पैसे, तेही वाट बघायला लावून. ‘कागदपत्रांची काही गरज नाही, आत्ताच पूर्ण रक्कम टाकतो’ असं कोणतीही संस्था म्हणत नाही. आणि ‘आमच्या यादीत नाव नोंदवायला आधी रजिस्ट्रेशन फी भरा’ म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवावा.

फौजीचं सोंग मात्र निवांत सांगायला हवं, कारण ते अजून चालतं आणि आमच्या भागात जरा जास्तच बरं चालतं. भुसावळला आणि वरणगावला आयुध निर्माणी आहे, धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, खेड्यापाड्यांतून सैन्यात गेलेली पोरं आहेत. ‘कॅम्पमध्ये कार्यक्रम आहे’ हे वाक्य इथं कोणाला खटकत नाही, उलट फोन घेणारा जरा सावरून बसतो. हिंदी कडक, वाक्याच्या शेवटी ‘जय हिंद’. न मागता वर्दीतला फोटो येतो, ओळखपत्र येतं, कँटीनचं कार्ड येतं. त्या फोटोतला जवान बहुधा खराच असतो. त्याचे कागद कुठून तरी उचलून दुसराच कोणी वापरत असतो. मला तर त्या ‘न मागता’वरच संशय येतो. आयुष्यात कुठल्याच गिऱ्हाइकानं ‘ही माझी ओळख’ म्हणून मला आधी कार्ड पाठवलेलं नाही. ओळख मागितली तर रागावतील अशीच माणसं जास्त.

मग पैशांचं नाटक. ‘आमचं पेमेंट अकाउंट्स सेक्शनमधून होतं, सिस्टम वेगळी आहे. तुम्ही आधी १ रुपया पाठवा, २ परत येतील.’ पाठवला तर खरंच २ येतात. तिथं माणूस विरघळतो. पुढं एक क्यूआर कोड येतो, त्यावर अॅडव्हान्सची रक्कम लिहिलेली. ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ फोनवरचा आवाज घाई करतो, वर साहेब उभे आहेत, परेड सुरू होतेय. यूपीआय २०१६ पासून आपल्या हातात आहे आणि तिचा नियम तेव्हापासून एकच आहे: पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही. कोडही आपण द्यायलाच स्कॅन करतो. पानटपरीवर रोज दहा वेळा हेच करणारा माणूस त्या घाईत हे विसरतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याला पाठवायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’, म्हणजे पैशांची मागणी, बंद करायला लावली, तेव्हा आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर ‘चला, एक पीडा गेली’ असे मेसेज पडले. एक वाट बंद झाली खरी. क्यूआर कोड आहेच, आणि फोनवरचा तो आवाजही आहे.

चोपड्याकडचा माझा एक मित्र यात सापडला. वीस वर्षं धंद्यात असलेला, रोल भरायच्या कॅमेऱ्यापासून काम केलेला, बोलण्यात कोणाला हार न जाणारा माणूस. ज्या दिवशी फोन आला त्या दिवशी मुलीच्या क्लासची फी भरायची होती. १८,००० गेले, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता का दिला, तर पहिला ‘चुकून अडकला’ म्हणून तो सोडवायला. पैसे गेल्यापेक्षा मला त्याचं पुढचं वागणं जास्त आठवतं. दोन दिवस त्यानं कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, आम्हाला नाही. ‘लोक हसतील’ म्हणाला. आणि खरंच, ग्रुपवर कळल्यावर दोघांनी हसणारी तोंडं टाकलीच. तिसऱ्या दिवशी त्यानं १९३० ला फोन लावला, तोवर पैसे तिथून पुढं कुठं कुठं गेले होते.

१९३० हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवावा, पाठ असला तर आणखी बरं. सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन, पूर्वी तिचा नंबर १५५२६० होता. तिथं जितक्या लवकर कळवावं तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवून धरता येण्याची शक्यता जास्त. तक्रार सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही करता येते. हे सगळं त्या मित्राला माहीत होतं. त्याला उशीर लाजेनं लागला. ज्यांनी हसणारी तोंडं टाकली, त्यांच्यावर माझा राग अजून आहे. पुढच्या वेळी आणखी कोणी तरी दोन दिवस गप्प बसणार, त्याची सोय त्यांनी करून ठेवली.

याच्या उलट दिशेनं येणारा प्रकारही आहे, जादा पैसे आल्याचा. ‘सर, २,००० टाकायचे होते, चुकून २०,००० गेले. प्लीज १८,००० परत करा, आई दवाखान्यात आहे.’ त्याच्या आधी मेसेज आलेला असतो, बँकेसारखाच दिसणारा, खात्यात २०,००० जमा. माणूस प्रामाणिक असला की लगेच परत करायला धावतो. त्याचा प्रामाणिकपणाच इथं लुटला जातो, म्हणून हा प्रकार मला जास्त ओंगळ वाटतो. जमा झालेलं काहीच नसतं. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, त्याला बँकेचं छोटं नाव असतं आणि हल्ली त्या नावाच्या शेवटी टी, एस, पी, जी यांतलं एक अक्षर. पण हेही बघत बसू नये. बँकेचं अॅप उघडून शिल्लक बघावी. आकडा वाढला नसेल तर कोणाचीच आई दवाखान्यात नाही.

हा खेळ मुळात परदेशातला आहे, आणि तोही फोटोग्राफरांवरच खेळला गेलेला. अमेरिकेत त्याचं साधन चेक. मेल येतो: तुमच्या शहरात आमचं कौटुंबिक संमेलन आहे, मला ऐकू येत नाही किंवा मी दवाखान्यात आहे, म्हणून फोनवर बोलता येणार नाही, तुम्ही क्रेडिट कार्ड घेता का? मग तुमच्या फीपेक्षा बराच मोठा चेक येतो. वरची रक्कम ‘इव्हेंट प्लॅनर’ला पाठवून द्या, त्याच्याकडं कार्ड चालत नाही. तिकडच्या नियमांनी कॅशियर्स चेकचे, म्हणजे बँकेनंच काढलेल्या चेकचे, पैसे बँकेला साधारण दुसऱ्याच कामाच्या दिवशी खात्यात वापरायला द्यावे लागतात. चेक बनावट आहे हे उघड व्हायला मात्र कधी कधी आठवडे जातात. मधल्या काळात फोटोग्राफर ‘प्लॅनर’ला आपल्या पदरचे खरे पैसे पाठवून बसतो, आणि चेक परत आला की बँक ती रक्कम त्याच्याकडूनच वसूल करते. आपल्याकडं चेक वटेपर्यंत पैसे हाती लागत नाहीत, आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर चेक दिवसभर सलग वटवले जातात, त्यामुळं तो डाव जसाच्या तसा इथं जमत नाही. चेकच्या जागी खोटा मेसेज आला, प्लॅनरच्या जागी आजारी आई. ते इंग्रजी मेल मलाही येतात. जळगाव जिल्ह्यातल्या फोटोग्राफरला कोणी ‘फॅमिली रियुनियन’साठी बोलावतंय, हे वाचून आधी करमणूक होते.

या सगळ्या प्रकारांत पैशाची दिशा बघितली तरी पुरे होतं. आमच्या धंद्यात इसार गिऱ्हाइकानं द्यायचा आणि मी घ्यायचा. काम होण्याआधी माझ्याकडून एक रुपयाही तिकडं जायचं कारण नाही. पडताळणीसाठी नाही, परताव्यासाठी नाही, प्लॅनरसाठी नाही. १ रुपयाही नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण सगळ्याची सुरुवात त्या एकाच रुपयानं होते.

पैसे सोडून वस्तूंवर डोळा असणारे वेगळे. त्यांचे प्रश्न ऐकावेत. ‘कुठला कॅमेरा आणता? लेन्स कोणत्या? ड्रोन कुठल्या कंपनीचा? एकटेच येता की असिस्टंट असतो?’ नवरी कोण, नवरदेव कोण, साडीचा रंग काय, यातलं काही नाही. जागा लांबची, वेळ संध्याकाळची. आमच्या पाठीवरच्या बॅगेत कधी कधी बाइकच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा माल असतो आणि आपण तो सातपुड्याच्या पायथ्याला अनोळखी माणसाच्या लोकेशनवर घेऊन निघतो. मी पहिली भेट गिऱ्हाइकाच्या घरी किंवा दुकानातच घेतो, रिकाम्या हातानं. घरी चहा झाला, भिंतीवरचे आजोबांचे फोटो बघितले, की मग कॅमेरा.

खातरजमा करायला माझ्याकडं एक हुकमी गोष्ट होती: लग्नपत्रिका. तारीख, लॉन, स्थळ सगळं तीत असतंच, पण खानदेशी पत्रिकेची खरी गंमत खालच्या नावांत. प्रेषक, विनीत, व्यवस्थापक, कार्यवाहक, पाच भाऊ, सात चुलते, आणि सगळ्यात शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली. एवढी नावं कोण रचत बसणार? त्यातलं एखादं ओळखीचं निघतंच. नाही निघालं तर लॉनच्या मॅनेजरला फोन, अमक्या तारखेला कोणाचं आहे? एका मिनिटात उत्तर.

आता त्या पत्रिकेलाच विष लावलेलं आहे. व्हॉट्सअॅपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल येते, शेवटी एपीके. ती पत्रिका नसते, अॅप असतं. उघडून इन्स्टॉल केलं की मोबाइलमधले मेसेज वाचण्याची परवानगी घेतं आणि ओटीपी परस्पर तिकडं जातात. पुढं तुमच्याच नंबरवरून तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना तीच पत्रिका. म्हणजे ती अनोळखी नंबरवरून येईल याचीही खात्री नाही. मावसभावाच्या नावानंही येईल. २०२४ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी याबद्दल सावध केलं होतं. बाकी लोकांनी अनोळखी पत्रिका उघडली नाही तरी चालतं. आमचा धंदाच अनोळखी माणसांच्या पत्रिका उघडण्याचा. म्हणून मी आता सरळ सांगतो, छापील पत्रिकेचा मोबाइलनं फोटो काढून पाठवा, वाकडा आला तरी चालेल. खरी माणसं वाकडाच पाठवतात, मागं गॅसची शेगडी दिसते.

पंचांगाचाही थोडा उपयोग होतो. पितृपक्षात कोणी ‘वेडिंग’ म्हणून तारीख विचारली की कान टवकारावेत. पण यावर फार भिस्त ठेवता येत नाही. चातुर्मासातही काढीव मुहूर्तावर लग्नं लागतात, पोरगा परदेशी जाणार असेल तर कोणी थांबत नाही. भाषेचंही तसंच. समोरचा हिंदी बोलतो म्हणून तो लबाड, असं धरणारे मित्र आहेत माझे. मला ते पटत नाही. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत सगळ्या मुलखांची माणसं राहतात, त्यांच्याकडची बारशी आणि वाढदिवस मी केले आहेत, आणि पैसे ठरल्या वेळी तिथंच मिळाले आहेत. शिवाय अस्सल मराठी बोलणारा भामटा निघणारच नाही असं कोणी लिहून दिलंय?

या सगळ्या ठोकताळ्यांचा कस लावणारा फोन याच महिन्यात आला. नंबर गुजरातचा. बोलणं हिंदी-गुजरातीची सरमिसळ. श्रावणात दोन दिवस काम आहे, फोटो आणि व्हिडिओ. काय काम? ‘कानबाई.’ इथंच मी थबकलो. कानबाई ही आमची खानदेशची देवी. श्रावणातल्या रविवारी ती घरी बसते, सोमवारी बोळवण होते, सगळी भाऊबंदकी रोट खायला जमते. पण त्यासाठी कोणी फोटोग्राफर लावल्याचं मी ऐकलं नव्हतं. रेट सांगितला, मुद्दाम चढा. माणूस म्हणाला, ‘ठीक आहे.’ गुजरातचा नंबर, विचित्र काम, पहिल्या फटक्यात होकार. माझ्या हिशोबानं फोन ठेवायचीच वेळ झाली होती.

ठेवण्याआधी मी अहिराणीत विचारलं, ‘कोनता गावना शेतस तुम्ही?’

पलीकडं क्षणभर काहीच नाही. मग एकदम मोकळा आवाज: ‘बेटावदना शे भो, उधनामा ऱ्हास.’

सुरतेत, उधना-लिंबायतकडं आमचा अर्धा खानदेश राहतो. तापीकाठच्या गावांतून साड्यांच्या कारखान्यांत गेलेली माणसं तिकडंच स्थायिक झाली, भुसावळ-सुरत गाडीनं सणावाराला येतात. हा त्यांतलाच. पाच भावांची घरं पांगलेली, आई आता फार थकली, सगळे एकत्र येण्याचा हा योग पुन्हा जुळेल का माहीत नाही, म्हणून फोटो. आणि रेटबद्दल विचाराल तर तिकडचे फोटोग्राफर याहून जास्त घेतात, म्हणून तो काही बोलला नव्हता.

मी इसाराचं बोललो. तेव्हा तो म्हणाला, ‘मी इसार धाडसू आन तुम्ही फोन बंद करी दिधा तं?’

उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं. इतकी वर्षं मी समोरच्याला तपासत आलो. कोणी मला तपासेल हे डोक्यात आलं नव्हतं. पण त्याच्या मेहुण्याच्या लग्नात तसं झालं होतं. इसार घेतला, लग्नाच्या दिवशी माणूसच आला नाही. दुसऱ्या एका घरी फोटो काढले आणि वर्ष झालं तरी डेटा दिला नाही, आधी हार्ड डिस्क बिघडली म्हणे, मग नंबर बंद. असले प्रकार आमच्यातही आहेत, मला माहीत आहेत, आणि ग्रुपवर त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. त्यानं माझी वेबसाइट बघितली होती, रील बघितले होते. ‘फोटो कोनाबी चोरी लेस,’ म्हणाला. माझे फोटो माझेच कशावरून? माझा ‘कुठला फोटो आवडला’वाला प्रश्न विचारायची सोयच राहिली नाही.

मी त्याला म्हटलं, तुम्हीच सांगा काय करू. तो म्हणाला, ‘भाचाले धाडस. तो देखी लेई.’

भाचा रविवारी दुपारच्या गाडीनं नरडाण्याहून आला. वीस-बावीसचा पोरगा, कॉलेजात शिकणारा, पण चेहऱ्यावर मोठ्या मामानं सोपवलेलं काम. चहा घेतला नाही, ‘आधी बघू’ म्हणाला. जुने अल्बम उघडून बघितले, त्यातल्या दोन लग्नांतल्या माणसांचे नंबर मागून घेतले आणि माझ्यासमोरच त्यांना फोन लावले. एकानं माझी स्तुती केली, दुसऱ्यानं अल्बम उशिरा दिल्याचं सांगितलं, दोन्ही खरं होतं. हार्ड डिस्क किती आहेत विचारलं. एकच डेटा दोन ठिकाणी ठेवतो म्हटल्यावर दोन्ही दाखवायला लावल्या. मग घराचा बाहेरून फोटो काढला, पाटीसकट, आणि उधन्याला पाठवला. तिकडून व्हॉइस मेसेज आला. तो ऐकून पोरगा जरा संकोचला.

‘मामा म्हणताहेत, आधार कार्डाचा फोटो पण घे.’

मी कार्ड आणलं, पहिले आठ आकडे अंगठ्याखाली झाकले आणि त्याच्यासमोर धरलं. हे बरोबर का असं त्यानं विचारलं, मी म्हटलं मामाला सांग, कोणालाही दाखवताना असंच दाखवावं, शेवटचे चार पुरतात. त्यानं मोबाइल वर केला. ट्यूबलाइट बरोबर कार्डावर चमकत होती, माझ्या नावावर पांढरा पट्टा, आणि पोराचा हातही हलत होता.

‘थांब,’ मी म्हटलं, ‘असा नाही येणार. इकडं खिडकीजवळ ये. आता जरा तिरका धर. फ्लॅश बंद कर.’